पबसमोरच्या गाड्या

डॉक्टर प्रिंगलबाईंनी नेव्हिलच्या हातात चिठ्ठी ठेवली. "दर गुरुवारी शहरातून चार-पाच मानसतज्ज्ञ येतात. दहा भेटींचे बरेचसे पैसे सरकार भरतं. खोल्या वेगळ्या, कुणी कुणाला दिसत नाही. लाजू नकोस, जा."

नेव्हिल लाजला नाही, घाबरला. आमच्या गावात माणसाआधी त्याची गाडी ओळखतात. त्याची पांढरी पिकअप मानसतज्ज्ञांच्या दारात दिसली असती, तर संध्याकाळपर्यंत मेंढ्या कातरणारे म्हणाले असते, "नेव्हिलचं डोकं फिरलं रे!"

म्हणून पठ्ठ्याने गाडी लावली पबसमोर, निलगिरीच्या सावलीत, आणि मागच्या गल्लीतून चालत गेला. भरदुपारी पितो म्हणाले तर म्हणू देत. त्यात इथं कुणाची अब्रू जात नाही.

तासाभराने तो हलका होऊन परतला. पबसमोर आता गाडी लावायला जागा उरली नव्हती. निदान तोंडाला बिअरचा वास तरी हवा, म्हणून तो आत शिरला. आत चिटपाखरू नव्हतं. मालकीण मॉरीन एकटीच ग्लास पुसत बसली होती.

"बाहेर एवढ्या गाड्या, मग माणसं कुठं गेली गं?"

"तू आत्ता जिथून आलास ना, तिथंच." मॉरीनने बिअर पुढे सरकवली.



"आणि राजा, पुढच्या गुरुवारी निलगिरीखाली लावू नकोस. ती जागा प्रिंगलबाईंची आहे."