गाडीची गाणी

चार दिवसांसाठी आलेला मेहुणा महिना उलटला तरी हलायचं नाव घेईना. बायकोच्या भावाला तोंडावर "जा" म्हणायची सोय नव्हती, म्हणून दाजींनी शक्कल लढवली. दाढी करताना, जेवताना, चहा पिताना घरात नुसती आगगाडीची गाणी. शिट्टी, धूर, निरोपाचा रुमाल, सगळं वाजवून झालं. मेहुणा आपला सोफ्यावर पसरून पायाने ठेका धरायचा.

रविवारी मात्र तो आंघोळ उरकून थेट स्टेशनवर गेला. दाजी मनातल्या मनात नाचले.

परत येऊन त्याने दाजींच्या हातात दोन तिकिटं ठेवली.



"दाजी, प्रवासाची एवढी हौस होती तर बोलायचं ना. ताईला घेऊन मस्त फिरून या. घराची काळजी नको, मी आहेच इथे."