तिरडीवरची सही

टपाल खात्यानं काढलेल्या खास पाकिटांवर शूटिंगला आलेल्या नटनट्यांच्या सह्या घ्यायच्या, हा भाटघरच्या साळूबाईंचा छंद. अकरा झाल्या होत्या. बारावा, मालिकेतला हिरो, सकाळी व्हॅनच्या दारातूनच म्हणाला, "गर्दीतल्या बायकांना मी सही देत नाही."

दुपारी तोच हिरो पांढऱ्या कापडात तिरडीवर पडला. भोवती रडायला साळूबाईंसकट गर्दीतल्याच अठरा बायका बसवल्या होत्या. डायरेक्टर 'ॲक्शन' म्हणाला, तरी एकीच्याही डोळ्यांतून टिपूस येईना.

"मावशी, रडा की!"

"कुणासाठी रडू? वळख ना पाळख," साळूबाई म्हणाल्या. "आदी त्यास्नी सही करू द्या."

"अहो, ते मेलेत!"

"मग पडू द्या तसंच. आमाला कुठं घाई हाय? ऊन त्यांच्याच तोंडावर हाय."

थोड्या वेळानं कापडातून एक हात बाहेर आला. साळूबाईंनी पाकीट पुढं धरलं, पेनाचं टोपण काढून दिलं, सही नीट पाहून घेतली आणि मग असा हंबरडा फोडला, की डायरेक्टरच्या अंगावर काटा आला.

बाकीच्या सतराजणी मात्र अजून कोरड्याच होत्या. प्रत्येकीच्या पदराखालून एकेक पाकीट बाहेर येत होतं.