वाचून दाखवल्याची ओळ

"वाचून दाखवू?" टाइपरायटरमधून कागद ओढत बोआडी मास्तरांनी विचारलं. कुमासीच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"कशाला?" क्वाबेना म्हणाला. "काल सांगितलं तेच लिहिलंय ना?"

काल त्याने सांगितलं होतं, मामाचा कोकोचा मळा मावशीने माझ्या नावावर केला असं लिहा. बाकड्यावर बसलेल्या सेरवा मावशीला मात्र त्याने मळ्यासाठी खत मिळवायचा अर्ज आहे असं सांगून आणलं होतं. मामा गेल्यापासून मळा तीच राखत होती. तिथल्या रीतीने मामाचा वारस भाचा, म्हणजे क्वाबेना, पण तो शहरात.

"कायदा आहे बाबा. ज्याला अक्षर येत नाही, त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. समजलं म्हणाला की तशी ओळ खाली टाकायची. जुरॅट म्हणतात तिला. त्याशिवाय त्याची निशाणी कोर्टात टिकत नाही."

"मग टाका ओळ. वाचायचं राहू द्या. मावशीला मी घरीच समजावलंय."

"हो तर," मावशी म्हणाली. "हा समजावतो तसं कोण समजावेल!"

क्वाबेनाने चमकून पाहिलं. मावशी शांत होती, नको इतकी शांत. तिने मास्तरांसाठी भाजलेली केळी का आणली होती?

"ओळख आहे वाटतं तुमची?"

"बाजारात बसते मी. कोण ओळखत नाही मला?"

"सही तुमचीही लागेल," मास्तर म्हणाले. "तुम्हालाही वाचून दाखवू? ओळ टाकू?"

"मला?" क्वाबेना उखडला. "हा चष्मा काय शोभेला लावलाय?"

त्याने कागद ओढून घेतला, नजर सावकाश वरून खाली फिरवली, मध्ये एकदा मान डोलावली. मग परत दिला. मास्तरांनी तो पुन्हा टाइपरायटरमध्ये घालून खाली दोन ओळी टाइप केल्या.

"शेवटचं विचारतो. वाचू?"

"पुरे हो!"

मावशीने अंगठा उठवला. क्वाबेनाने झोकदार सही ठोकली. मास्तरांनी एक प्रत त्याला दिली, एक मावशीला. तिने ती घडी करून कमरेच्या कापडात खोचली. खताच्या अर्जाची प्रत कुणी एवढी जपतं?

परतीच्या ट्रोट्रो मिनीबसमध्ये त्याला चैन पडेना. शेजारी पेपर वाचणारा गृहस्थ होता. क्वाबेनाने चष्मा काढून हळूच खिशात टाकला.

"दादा, एवढं वाचता? चष्मा घरी विसरलो."

गृहस्थ वाचू लागला. "'मामाच्या मळ्यावरचा माझा हक्क मी सेरवा मावशीला कायमचा सोडला आहे. मला वाचता येतं. कागद मी स्वतः वाचला, म्हणून वाचून दाखवल्याची ओळ घातलेली नाही. सही, क्वाबेना अम्पोफो.' तुम्हीच का हे?"