सासरवाडीचा दुपट्टा

पत्रावळी मांडून झाल्या होत्या, पण वाढायला कोणी उठत नव्हतं. सत्यभामाची तेरवी होती. तिच्या भावानं तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आपल्या घरच्या जावयाच्या डोक्याला पांढरा दुपट्टा बांधला की दुःख सुटायचं, आणि मगच पंगत बसायची. भाऊ, म्हणजे सिहोऱ्याचे वासुदेव गुरुजी, सकाळीच करडी गावात येऊन पोचले होते. दुपट्ट्याची घडी त्यांच्या मांडीवर होती. ते उठत नव्हते.

समोर पाटावर सत्यभामाचा नवरा केवळराम बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. गुरुजी दुपट्टा तसाच घेऊन परत गेले तर काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. सासरवाडी तुटली असती. सत्यभामाला लहानपणापासून ओळखणारं माणूस मग या घरात कधीच आलं नसतं.

चूप बसवेना म्हणून डोमानं रेडिओवरची सिमला कराराची गोष्ट काढली. डोमा शेजारचा, तोंडाचा मोकळा.

“जितलेला मुलूख वापस देऊन टाकला, गुरुजी. पोट्टे मेले तिकडं, आन सिमल्याले बसून यायनं सही करून देली. याच्याहून खराब कोनत्या लढाईत झालं, सांगा.”

“सीताबर्डीत झालं,” म्हातारे भैयाजी म्हणाले. “आपला राजा गेला, नागपूर गेलं. तवापासून आपन दुसऱ्याच्या हाताखाली.”

“एक टेकडी तर होती,” डोमा म्हणाला.

“तुह्या बापाची होती का मंग ते टेकडी, देऊन टाकाले?”

दोघं-चौघं हसले. गुरुजी हसले नाहीत.

“पानिपत,” ते म्हणाले. बोलत होते डोमाशी, पण पाहत होते केवळरामकडं. “लढाईत हारजीत होते, त्याचं मले काही नाही. पन तिकडं मानसं उपाशी मरून राहिले होते, जनावरं मरून राहिले होते, आन पेशवा इकडं पैठनले लगन लावून राहिला होता. निंगाला तवा सगळं आटपलं होतं. दुश्मनानं मारलं, त्याले मी दोष देत नाही. घरच्यानं मारलं.”

“सांगावा उशिरा भेटला असन त्याले,” भैयाजी हळूच म्हणाले.

“सांगावा कायले पायजे? ज्याचं मानूस असते त्याले दिसते.”

डोमानं मान वळवली. आता कोणत्या लढाईचं चाललं आहे, ते मांडवात सगळ्यांना कळलं होतं.

सत्यभामाला ताप आला तो धानाच्या भर रोवणीत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधावर, धुऱ्यावर पडले होते आणि बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाण्याची पाळी केवळरामची होती. तरी त्यानं भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. सत्यभामा गाडीतून खाली उतरली आणि तिनं स्वतःच्या हातानं बैल सोडले. “एवढं रोवून होऊ द्या. पऱ्हे वाळतीन तर वर्षभर काय खासान?” वाड्यामागं झालं ते. दुसरं कोणी पाहिलं नाही. नंतर नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, आधी आणायला पाहिजे होतं.

एवढं सांगितलं असतं तर दुपट्टा आत्ता डोक्यावर आला असता. पण मग तेरवीला जमलेल्या सगळ्या गावानं म्हटलं असतं, आपल्याच हट्टानं मेली. पत्रावळीवर बसून म्हटलं असतं.

“बोला ना, भाऊजी,” गुरुजी म्हणाले. “तुमी काहून चूप बसले? कोनाची चूक?”

“पेशव्याचीच,” केवळराम म्हणाला. “त्यानं रोवनी तशीच टाकून निंगाले पायजे होतं.”

कोणी हसलं नाही. वाढपी हातातला भाताचा टोपला घेऊन तसाच उभा राहिला. बोललो काय, हे केवळरामला जरा उशिरानं कळलं. त्यानं ते बदललं नाही.

गुरुजी उठले आणि त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“माही बहीन काय म्हने?”

“कवा?”

“घरी ताप घेऊन पडली होती तवा. दवाखान्यात चाल म्हनलं का तुमी? काय म्हने ती?”

“काही नाही म्हने.”

“काहीच नाही?”

“नाही.”

“माह्या बापाले बोलू देत नव्हती ती,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “मी गुरुजी झालो, तरी टोपी सिधी घाल म्हने मले. चार मानसाईत म्हने. आन तुमच्या घरी ती मुकी झाली? लबाड बोलून राहिले तुमी.”

गुरुजींनी दुपट्ट्याची घडी काखेत मारली.

“खरं सांगा. नाही तर हा दुपट्टा घेऊन मी चाललो सिहोऱ्याले.”

सिहोऱ्याची माणसं उठून उभी राहिली. एकानं चपला शोधायला सुरुवात केली. केवळरामनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

“काही नाही म्हने,” तो म्हणाला.

त्या उघड्या डोक्याकडं पाहताना गुरुजींना कळलं, सासरवाडी तुटली तरी हा माणूस तिचा शब्द चारचौघांत सांगणार नाही. मग त्यांनी दुपट्ट्याची घडी झटकन मोडली. डोक्याला एक वेढा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, आणि मागं गाठ मारताना असा ओढला की केवळरामचे कान दुमडले आणि कपाळाची शीर वर आली. मांडवात बसलेल्यांना ते दिसत होतं.

“घट्ट झाला का गा, केवळराम?” भैयाजींनी विचारलं.

“नाही,” केवळराम म्हणाला. “बराबर आहे.”