हिरव्यात हिरवी

तबकडी फेकून टोपलीत टाकायच्या खेळाच्या दुकानात एक बाई नवऱ्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची तबकडी, घ्यायला आल्या. दुकानदाराने वजनाला हलकी, मऊ प्लास्टिकची, नाकासमोर जाणारी केशरी तबकडी पुढे केली. बाईंनी ती बाजूला सारून हटकून डावीकडे वळणारी, जड, हिरवी उचलली.

"वहिनी, साहेबांवर राग आहे का? ही थेट झुडपात घुसेल. हिरव्यात हिरवी, तासभर शोधत बसाल दोघं!"

"तासभर लागेल ना नक्की, भाऊ?" बाईंनी काकुळतीला येऊन विचारलं.

 

"घरात ते माझ्याशी अवाक्षर बोलत नाहीत हो, तबकडी हरवली की निदान 'तिकडे बघ' तरी म्हणतात."