पुलावरचे ट्रॅक्टर

ट्रक गर्दीत घुसू नये म्हणून आमच्या नाताळबाजाराच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे पोलादी खांब बसवलेत. शनिवारी दुपारी नगरपालिकेचे संगणक कुणीतरी हॅक केले आणि सामानाच्या गाडीसाठी खाली घेतलेले खांब खालीच राहिले. मी नियंत्रण कक्षात बटणं दाबून दमले. तेवढ्यात खबर आली, हाम्बुर्गच्या रस्त्यावरून चोरलेला एक मोठा ट्रक पोलिसांना चुकवत आमच्याच दिशेनं येतोय.

"बाजार रिकामा करायचा?" मी विचारलं.

"दोन हजार माणसं आणि बाहेर पडायला एक गल्ली. चेंगरून मरतील," पोलीस प्रमुख ब्रुंकहोर्स्टबाई म्हणाल्या. क्षणभर त्या फोनकडे नुसत्या बघत राहिल्या, मग नंबर लावला. "हार्म्स, तुम्ही शेतकरी नाताळची झाडं विकायला ट्रॅक्टर घेऊन आलायत ना? बाजाराकडे येणाऱ्या पुलावर सगळे आडवे लावा. कसे लावायचे ते तुम्हाला माहीत आहे."

पलीकडून हार्म्सनं विचारलं, "किती वेळ आहे?"

"सहा मिनिटं."

पाचव्या मिनिटाला पुलावर अकरा ट्रॅक्टर एकमेकांना खेटून उभे होते. ट्रक त्यांच्यापुढे हातभर अंतरावर थांबला आणि पळणारा चालक पोलिसांना सापडला. बाजारात लोक गरम वाइन पीत होते, त्यांना पत्ताही नव्हता.

आम्ही पुलावर पोचलो तेव्हा हार्म्स ट्रॅक्टरवरून सावकाश खाली उतरला.



"सोमवारी कोर्टात भेटू, बाई," तो म्हणाला. "जानेवारीच्या शेतकरी आंदोलनात ट्रॅक्टर लावून हाच पूल अडवला म्हणून केस तुम्हीच घातलीय ना माझ्यावर."