शंभरपर्यंत

"किती मोजलंस ते विचारू नकोस गं तिला. काय मोजलंस ते विचार."

शेजारच्या आजी दारात उभ्या राहून हे म्हणाल्या, तेव्हा आईने नुसतं 'हं' केलं. आजींनी तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता, हे खरं. पण त्यांच्या वेळी कुठे होत्या चाचण्या आणि गट?

"आकडे काय, पोपटही म्हणतो," आजी पुढे म्हणाल्या. "डोळे मिटून ऐकायचं आणि एकेका आवाजाला एकेक आकडा द्यायचा. मग मोजणं आलं."

आजी ताटलीत एकेक बटण टाकत आणि मुलगी डोळे मिटून मोजे. तिला तो खेळ भारी आवडायचा. पण 'पोपट' आईच्या मनाला लागला. दुसऱ्या दिवसापासून मुलीचं शेजारी जाणं बंद झालं.

"आजींचं नाव काढायचं नाही आता. चाचणी होईपर्यंत तर नाहीच."

चाचणी शुक्रवारी होती. शंभरपर्यंत न अडखळता मोजता आलं नाही तर कच्चा गट. एकदा त्या गटात गेलेलं मूल चौथीपर्यंत तिथून हलत नाही, असं शाळेच्या फाटकापाशी थांबणाऱ्या आया सांगत. आईला रात्रीची झोप येईना. मुलगी अठ्ठावीसपर्यंत घोड्यासारखी धावे, एकोणतीसला ठेच खाई आणि उठे ती थेट चाळीसवर.

म्हणून आईने शिस्त लावली. शाळेतून आलं की आतल्या खोलीत बसायचं आणि मोजायचं. आई बाहेरच्या खोलीत हेडफोन चढवून कामाला बसे. लोकांच्या सभांची रेकॉर्डिंगं ऐकून ती टाईप करायची. एक शब्द सुटला तरी साहेब झापत. पाच वाजता हेडफोन उतरले की पहिला प्रश्न ठरलेला.

"किती झाले?"

सोमवारी उत्तर आलं, "अठ्ठावीस." आईने कपाळाला हात लावला.

मंगळवारी मुलगी पलंगावर नव्हती. कोपऱ्यात, शेजारच्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती.

"तिथे काय गारठ्यात बसलीस? किती झाले?"

"चौऱ्याऐंशी."

आई मटकन पलंगावर बसली. "मधले गाळले नाहीस ना? एकोणतीस? एकोणसाठ?"

"एकपण नाही गाळला. हळूहळू होते ना, म्हणून जमलं." मुलगी थोडी घुटमळली. "आई, तिकडे..."

"इकडे तिकडे काही नाही. चौऱ्याऐंशीनंतर?"

"पंच्याऐंशी."

आईने तिचे पटापट मुके घेतले आणि लगेच बाबांना फोन लावला. "एका दिवसात चौऱ्याऐंशी! ऐकताय ना?"

"ऐकतोय," बाबा हसले. "उद्या माझ्या डोक्यावरचे केस मोजायला बसवू नकोस म्हणजे झालं. आजींना सांगितलंस का? खूश होतील."

"त्यांना कशाला? त्या म्हणतील, पोपटपंची आहे नुसती."

बुधवारी सकाळी शाळेला निघताना आजींच्या दाराशी दोन वर्तमानपत्रं पडलेली दिसली. कालचं आणि आजचं.

"गेल्या वाटतं लेकीकडे," आई कुलूप लावत म्हणाली. "सांगून जाण्याचीही पद्धत नाही."

मुलगी बंद दाराकडे वळून वळून बघत जिना उतरली.

त्या दिवशी पाच वाजता उत्तर आलं, "एकतीस."

आईचा चेहराच उतरला. "काल चौऱ्याऐंशी आणि आज एकतीस? पुढचे विसरलीस?"

"नाही. तेवढेच होते."

"तेवढेच म्हणजे काय गं? आकडे काय संपतात?"

मुलीने भिंतीकडे बघितलं.

गुरुवारी ती म्हणाली, "नऊ."

आईचा हात उठला. कसाबसा तिने तो आवरला. "म्हण. माझ्यासमोर म्हण. एकपासून."

मुलीने म्हटले. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, कुठेही अडखळली नाही. शंभर म्हणून थांबली.

"येतंय की सगळं! मग नऊ का सांगितलंस?"

"तू विचारलंस ना, किती झाले."

"फार शहाणी झालीस," आई म्हणाली. पण छातीवरचा धोंडा उतरला होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर वर्गाच्या बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. "पक्क्या गटात गेली हो! आणि शून्य किती छान कळलंय तिला. बाकीची मुलं नुसता गोळा काढतात. हिला विचारलं तर म्हणाली, खूप वेळ कान देऊनही काही येत नाही, तेव्हा शून्य."

"घरी रोज बसवते मी," आई म्हणाली. तिला रडू येत होतं.

आजींच्या दाराशी आता चार वर्तमानपत्रं होती. आईने ती पायाने जरा बाजूला सरकवली आणि आपलं कुलूप उघडलं.

त्या दुपारी तिने हेडफोन तासभर आधीच उतरवले. आतल्या खोलीत मुलगी पुन्हा त्याच कोपऱ्यात बसली होती.

"अगं, आज सुट्टी तुला. झाली की चाचणी."

"थांब ना. मोजतेय."

"बरं. किती झाले?"

"शून्य."

आई हसली. तिच्याशेजारी फरशीवर बसली, तिचे केस मागे सारले. आज कसलीच घाई नव्हती, म्हणून सहज तिने विचारलं, "काय मोजतेस गं, राणी?"

मुलीने भिंतीला कान लावला. "आजींची टकटक. त्या पलीकडून भिंतीवर वाजवतात आणि मी मोजते, बटणांसारखं. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही. आज वाजवलंच नाही त्यांनी."

वाचून झालं असेल तर उठा. तुमच्या भिंतीपलीकडे कोण एकटं राहतं? आधी जाऊन त्यांचं दार वाजवून या.